‘लाइन ऑफ ड्यूटी’: पाच वर्षं ज्याला शोधलं तो ‘एच’ इतका मामुली कसा निघाला?

(सूचना : या लेखात ‘लाइन ऑफ ड्यूटी’च्या सहाही सीझनचा शेवट उघड केला आहे. मालिका बघायची असेल तर आधी बघून या.)

२ मे २०२१, रविवार. ब्रिटनमध्ये रात्रीचे नऊ वाजले आणि बीबीसी वनवर ‘लाइन ऑफ ड्यूटी’च्या सहाव्या सीझनचा सातवा आणि शेवटचा भाग सुरू झाला. त्या रात्री सरासरी १ कोटी २८ लाख लोक तो भाग बघत होते. ब्रिटनची लोकसंख्या पावणेसात कोटींच्या आसपास आहे, म्हणजे जवळपास दर पाच माणसांमागे एक जण टीव्हीसमोर होता. सगळ्यांना एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं : ‘एच’ कोण?

तासाभरात उत्तर मिळालं आणि ट्विटरवर लोकांचा पारा चढला. “यासाठी एवढी वर्षं थांबलो होतो?” असा एकूण सूर होता. गुन्हेगारी टोळीला पोलीस खात्याच्या आतून चालवणारा तो महाभयंकर मेंदू म्हणजे इयन बकल्स निघाला. ढेरपोट्या, ढिसाळ, कामचुकार साहेब. मालिकेत ज्याच्याकडे कुणी धड लक्षही देत नव्हतं, तोच.

लोकांना हा शेवट का खटकला आणि तरीही या मालिकेला हाच शेवट का शोभतो, ते बघू. त्यासाठी आधी थोडी मागची गोष्ट.

एसी-१२ म्हणजे काय?

‘लाइन ऑफ ड्यूटी’ २०१२ मध्ये बीबीसी टूवर सुरू झाली. लेखक जेड मर्क्युरियो. हा माणूस आधी डॉक्टर होता, हॉस्पिटलात नोकरी करायचा, नंतर लिखाणाकडे वळला. मालिका इंग्लंडमधल्या एका नाव न सांगितलेल्या शहरात घडते. बरंचसं शूटिंग उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टमध्ये झालं आहे.

एसी-१२ हे पोलिसांवर नजर ठेवणारं पोलिसांचंच खातं, म्हणजे ‘अँटी करप्शन युनिट १२’. तिथे तीन मुख्य माणसं : सुपरिंटेंडेंट टेड हेस्टिंग्ज (एड्रियन डनबार), वेस्टकोट घालून फिरणारा स्टीव्ह आर्नट (मार्टिन कॉम्प्स्टन) आणि छुप्या कामगिरीवर जाणारी केट फ्लेमिंग (व्हिकी मॅक्लुअर). दर सीझनला एक नवा पोलीस अधिकारी संशयाच्या घेऱ्यात येतो. त्याच्यामागे लागता लागता ही मंडळी एका मोठ्या संघटित टोळीपर्यंत पोचतात. या टोळीला आतून कुणीतरी मदत करतंय, हे हळूहळू स्पष्ट होत जातं.

मालिकेत पाठलाग आणि गोळीबार आहेतच, पण खरी मजा काचेच्या खोलीतल्या चौकशीत आहे. टेपरेकॉर्डरचा तो लांबलचक आवाज, समोर कागदपत्रांच्या फायली आणि वीस-वीस मिनिटं नुसतं बोलणं. संक्षिप्त नावांचा तर पाऊस. सहाव्या सीझनच्या पहिल्याच भागात ‘चिस’ हा शब्द इतक्या वेळा आला की अर्धा ब्रिटन गूगलवर त्याचा अर्थ शोधत होता. (अर्थ साधा आहे : पोलिसांना आतली माहिती पुरवणारा माणूस. आपल्याकडे त्याला खबरी म्हणतात.)

‘एच’चं कोडं आलं कुठून?

२०१६ मध्ये तिसऱ्या सीझनच्या शेवटी एसी-१२ मधलाच एक अधिकारी टोळीचा माणूस निघतो. त्याचं नाव मॅथ्यू ‘डॉट’ कॉटन. गोळी लागून तो मरायला टेकलेला असतो आणि केट त्याला विचारते, वर कोण बसलंय? त्याला बोलता येत नाही. ती एकेक अक्षर म्हणत जाते आणि ‘एच’ला तो खूण करतो.

झालं. पुढची पाच वर्षं लोकांनी एचवरून सुरू होणारं प्रत्येक नाव चाळून काढलं. हिल्टन, हंटली आणि अर्थातच खुद्द हेस्टिंग्ज. मर्क्युरियोनंही काडी टाकायची संधी सोडली नाही. पाचव्या सीझनमध्ये हेस्टिंग्ज टोळीशी चॅटवर बोलताना ‘डेफिनेटली’ या इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग चुकवतो, ‘आय’च्या जागी ‘ए’ लिहितो. खरा ‘एच’ही हीच चूक करत असतो. लोक म्हणाले, सापडला!

पण त्याच सीझनच्या शेवटी कळतं की अर्थ लावायलाच चूक झाली होती. डॉट मरताना बोटांनी चार टिचक्या मारत होता. मोर्स संकेतात एच हे अक्षर चार टिंबांनी लिहितात. म्हणजे एच हे कुणाच्या नावाचं आद्याक्षर नव्हतंच, आकडा होता. आत बसलेली माणसं चार होती. तिघांचा पत्ता लागला होता : स्वतः डॉट, वरिष्ठ अधिकारी डेरेक हिल्टन आणि पोलिसांची वकील जिल बिगलो. उरला चौथा.

सहाव्या सीझनमध्ये शोध सुरू होतो तो या चौथ्याचा. निमित्त असतं गेल व्हेला या पत्रकाराच्या खुनाचं. ती पोलीस खात्यातल्या भ्रष्टाचारावर काम करत होती आणि तिला घराजवळ गोळी घातली गेली. व्हेला हे आडनाव माल्टामध्ये अगदी सर्रास आढळतं आणि माल्टातच २०१७ साली डॅफनी कारुआना गालिझिया या शोधपत्रकार महिलेला गाडीत बॉम्ब लावून मारलं होतं. ब्रिटनमधल्या प्रेक्षकांना हा धागा लगेच ओळखू आला.

सस्पेन्स वाढवायला आणखी एक गंमत केली होती. थर्वेल नावाच्या निवृत्त अधिकाऱ्यावर संशय येतो आणि त्याचा फोटो दाखवतात. फोटो कुणाचा? जेम्स नेस्बिट या नावाजलेल्या अभिनेत्याचा! इतका मोठा नट घेतलाय म्हणजे हाच सूत्रधार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. थर्वेल निघाला स्पेनमध्ये मेलेला. नेस्बिट अख्ख्या मालिकेत फक्त फोटोत दिसला.

त्या रात्री काय झालं?

कैद्याला तुरुंगातून एसी-१२ च्या ऑफिसात आणतात. कॅमेरा त्याचा चेहरा दाखवत नाही. पावलं दिसतात, पाठ दिसते, बेड्या दिसतात. काचेच्या खोलीचं दार उघडतं आणि आत बसतो इयन बकल्स (नायजेल बॉइल).

त्याला पकडून देतं ते तेच चुकलेलं स्पेलिंग. ‘निश्चित’ हा शब्द एखादा माणूस आयुष्यभर ‘निश्चीत’ लिहितो, तसंच हे. जुन्या सरकारी अहवालांत त्याच्या हातून तीच चूक झालेली असते आणि टोळीला गेलेल्या निनावी मेसेजमध्येही तीच.

आधी बकल्स खास ‘नो कमेंट’चा पाढा म्हणतो. मग पुरावे समोर येतात आणि त्याचा चेहरा बदलतो. तो गालातल्या गालात हसायला लागतो. आपण कुणी डोकेबाज सूत्रधार वगैरे नव्हतो, हेही तो लपवत नाही. टोळीचे निरोप इकडून तिकडे पोचवले, पैसे घेतले, एवढंच. आधीचे तिघे एकेक करून गेले आणि तो उरला. आजवर कुणी का पकडलं नाही? कारण प्रत्येक वेळी केस बिघडली की वरचे म्हणायचे, बकल्स आहे, त्याला कुठे जमतंय. त्याच्या नालायकपणाआड त्याचा भ्रष्टाचार लपला आणि त्याच नालायकपणासह त्याला बढतीही मिळत गेली.

आता मागे वळून बघा. बकल्स पहिल्या सीझनपासून, म्हणजे २०१२ पासून मालिकेत आहे. तेव्हा तो इन्स्पेक्टर होता आणि एका संशयास्पद केसची सूत्रं त्याच्याकडे आली होती. चौथ्या सीझनमध्येही तो मधेच उगवतो. सहाव्यात थेट सुपरिंटेंडेंट झालेला असतो आणि गेल व्हेला केस त्याच्याच हाताखाली चालू असते, अर्थातच कासवाच्या गतीनं. मधल्या एका भागात तुरुंगात त्याच्या डोळ्यांसमोर एका साक्षीदाराचा गळा आवळला जातो आणि हा भेदरून बघत राहतो. बिचाऱ्याला अडकवलंय, असं वाटून आपण त्याचं नाव यादीतून खोडतो. म्हणजे खात्यातल्या वरिष्ठांनी जी चूक केली तीच प्रेक्षकांनीही केली.

मग राग कशाचा?

राग अगदीच अनाठायी नव्हता. सात भाग एखाद्या राक्षसाची चाहूल द्यायची आणि शेवटी पडद्यामागून कारकून बाहेर काढायचा, तर प्रेक्षक चिडणारच. शिवाय मांडणीतही उणिवा आहेत. पुराव्यांचा इतका काटेकोर हिशेब ठेवणारी मालिका, पण शेवटची मदार प्रामुख्यानं एका स्पेलिंगवर. बकल्सची चौकशी आधीच्या सीझनमधल्या गाजलेल्या चौकश्यांपुढे आटोपशीर वाटते. चौथ्या सीझनमधली रॉझ हंटलीची किंवा दुसऱ्या सीझनमधली लिंडसे डेंटनची चौकशी आठवा. तिथे श्वास रोखून बसावं लागायचं. इथे तसं होत नाही.

आणि दर आठवड्याला एकच भाग येण्याचाही हा परिणाम होता. कोविडमुळे २०२० च्या मार्चमध्ये शूटिंग थांबलं होतं, ते सप्टेंबरमध्ये पुन्हा सुरू झालं. मालिका आली तेव्हा ब्रिटन लॉकडाऊनमधून हळूहळू बाहेर पडत होता. लोक घरातच होते, रविवारी भाग बघायचे आणि पुढचे सहा दिवस थिअरी लढवायचे. कुणी हेस्टिंग्जला ‘एच’ ठरवलं, कुणी करड्या आवाजाच्या पॅट्रिशिया कारमायकल बाईंना. इतक्या रंगतदार अंदाजांपुढे कुठलंही खरं उत्तर फिकंच पडलं असतं.

पण गोंगाटात एक गोष्ट बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटली. शेवटच्या भागात बकल्सपेक्षा मोठं काहीतरी घडतं आणि ते चौकशीच्या खोलीबाहेर घडतं.

खरा ‘एच’ खुर्चीत बसलेला

यासाठी अगदी पहिल्या भागात जावं लागेल. २०१२ साली मालिका सुरू होते ती दहशतवादविरोधी पथकाच्या एका छाप्यानं. पोलीस चुकीच्या घरात घुसतात आणि एका निरपराध माणसाला गोळ्या घालतात. पथकप्रमुख सगळ्यांना सांगतो की आपण सारे एकच खोटं सांगायचं. स्टीव्ह आर्नट नकार देतो, म्हणून त्याला पथक सोडावं लागतं आणि तो एसी-१२ मध्ये येतो.

या कल्पनेमागे खरी घटना आहे. २२ जुलै २००५ रोजी लंडनच्या स्टॉकवेल भुयारी स्टेशनात पोलिसांनी झां शार्ल्स दि मेनेझिस या २७ वर्षांच्या ब्राझिलियन इलेक्ट्रिशियनला आत्मघाती हल्लेखोर समजून गोळ्या घातल्या. तो निर्दोष होता. एकाही अधिकाऱ्यावर व्यक्तिशः खटला चालला नाही. २००७ मध्ये लंडन पोलीस दलाला, म्हणजे मेट्रोपोलिटन पोलिसांना दंड झाला, तोही आरोग्य आणि सुरक्षेच्या कायद्याखाली.

मालिकेतल्या त्या खोटं बोलायला सांगणाऱ्या पथकप्रमुखाचं नाव फिलिप ऑसबर्न. सहाव्या सीझनपर्यंत तो कोण झालेला असतो? चीफ कॉन्स्टेबल, म्हणजे अख्ख्या पोलीस दलाचा प्रमुख. पत्रकारांसमोर उभा राहून तो ठामपणे सांगतो की आमच्या दलात भ्रष्टाचाराची कीड वगैरे काही नाही. त्याला कुणी बेड्या घालत नाही, काचेच्या खोलीतही बसवत नाही. उलट एसी-१२ ची माणसं कमी केली जातात, ते दुसऱ्या युनिटांत विलीन होणार असतं आणि वर येऊन बसतात कारमायकल बाई. त्यांना सत्यापेक्षा खात्याचं नाव मोठं वाटतं.

मालिका शेवटच्या काळ्या पाट्यांवर जे लिहिते ते तर आणखी बोचरं आहे. बकल्सच्या भ्रष्टाचाराबद्दलचा कुठलाही पुरावा खुल्या न्यायालयात मांडला जाणार नाही, सार्वजनिक हिताच्या नावाखाली तो झाकला जाईल. आणि एसी-१२ ची ताकद आजवर कधी नव्हती इतकी कमी झाली आहे. म्हणजे पाच वर्षं ज्याला शोधलं तो सापडला आणि जनतेला त्याचं नावही नीट कळणार नाही. कुंपणानं शेत खाल्लं, तर पंचनामाही कुंपणाकडेच.

नायकही यातून सुटत नाही. हेस्टिंग्ज कारमायकलपुढे कबूल करतो की टोळीत आपला माणूस घुसलाय, हे तुरुंगातल्या एका गुंडाच्या कानावर त्यानंच घातलं होतं. त्यातून जॉन कॉर्बेट या छुप्या पोलिसाचा खून झाला. सहा सीझन सचोटीवर भाषणं देणारा माणूस (आणि चिडला की येशू, मेरी, जोसेफसोबत त्यांच्या गाढवालाही हाक मारणारा, त्याचे टी-शर्टसुद्धा निघाले) शेवटी स्वतःचं पाप पदरात घेऊन उभा राहतो. मला हा प्रसंग बकल्सच्या चौकशीपेक्षा जास्त भावतो.

सहा आठवड्यांनी आलेला अहवाल

याच सीझनमध्ये लॉरेन्स ख्रिस्तोफर नावाच्या कृष्णवर्णीय तरुणाची जुनी केस येते. वंशद्वेषातून झालेला हल्ला, पोलिसांचा ढिसाळ तपास. या नावात दोन खरी नावं आहेत. स्टीव्हन लॉरेन्स हा १९९३ साली लंडनमध्ये भोसकून मारला गेलेला १८ वर्षांचा मुलगा. त्याच्या तपासावरच्या मॅकफर्सन अहवालानं १९९९ मध्ये मेट पोलिसांत ‘संस्थात्मक वंशवाद’ असल्याचं म्हटलं. ख्रिस्तोफर आल्डर हा माजी सैनिक. १९९८ साली हल शहरातल्या पोलीस ठाण्यात, पोलिसांच्या देखत, बेड्या घातलेल्या अवस्थेत तो जमिनीवर पडून मेला आणि हे सगळं ठाण्याच्या कॅमेऱ्यात टिपलं गेलं. पुढे खटला चाललेले पोलीस निर्दोष सुटले.

मात्र सगळ्यात विलक्षण योगायोग मालिका संपल्यावर घडला. १५ जून २०२१ रोजी, म्हणजे शेवटच्या भागानंतर सहा आठवड्यांनी, डॅनियल मॉर्गन प्रकरणाचा अहवाल प्रसिद्ध झाला.

डॅनियल मॉर्गन हे खासगी गुप्तहेर होते. १० मार्च १९८७ रोजी दक्षिण लंडनच्या सिडनहॅममधल्या एका पबच्या पार्किंगमध्ये कुऱ्हाडीनं त्यांचा खून झाला. त्यानंतर एकामागून एक तपास झाले, २०११ मध्ये खटला कोसळला, आजवर कुणालाही शिक्षा झालेली नाही. कुटुंबाच्या लढ्यामुळे २०१३ मध्ये स्वतंत्र समिती नेमली गेली. बॅरोनेस नुआला ओलोन तिच्या अध्यक्ष होत्या. समितीला पोलिसांचीच कागदपत्रं मिळवताना इतकी वर्षं झगडावं लागलं की अहवाल यायला आठ वर्षं गेली.

अहवालाचा गाभा असा : आपल्या चुका झाकणं, नाकारणं आणि हे संस्थेची प्रतिमा जपण्यासाठी करणं, हासुद्धा अप्रामाणिकपणाच. समितीनं त्याला ‘संस्थात्मक भ्रष्टाचाराचा एक प्रकार’ म्हटलं.

मेटच्या तेव्हाच्या प्रमुख क्रेसिडा डिक यांनी कुटुंबाची माफी मागितली, पण दल संस्थात्मकदृष्ट्या भ्रष्ट आहे हे मान्य केलं नाही. २००५ मध्ये मेनेझिसचा जीव गेला त्या कारवाईची सूत्रं डिक यांच्याकडेच होती. २००७ च्या खटल्यात ज्युरीनं त्यांच्यावर व्यक्तिगत ठपका ठेवला नाही, हेही नोंदवायला हवं. पुढे २०२३ च्या जुलैमध्ये मेट पोलिसांनी मॉर्गन कुटुंबाशी समझोता केला, जबाबदारी मान्य केली आणि नवे प्रमुख मार्क रोली यांनी माफी मागितली. तोवर खुनाला छत्तीस वर्षं झाली होती.

हा अहवाल वाचून मग बकल्सची चौकशी पुन्हा बघावी. पैशाला हपापलेला एक सुमार माणूस निरोप पोचवतो, हे गुन्ह्याचं लहान टोक. तो सुमार आहे हे माहीत असूनही त्याला वर चढवणारे आणि सापडल्यावर खात्याची अब्रू जाऊ नये म्हणून फाइल बंद करणारे, हे दुसरं टोक. मर्क्युरियोनं ‘एच’चा मुखवटा काढून तिथे एखादा थंड डोक्याचा खलनायक बसवला असता तर प्रेक्षक खूश झाले असते. पण मग तो पकडला गेल्यावर सगळं आलबेल झालं, असंही वाटलं असतं. ते या मालिकेच्या पहिल्या भागाशीच विसंगत ठरलं असतं, कारण तिथे खोटं बोलायचं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. सूत्रधार नव्हता, साहेब होता.

पुढे काय?

सहाव्या सीझननंतर बरीच वर्षं सगळं शांत होतं. मग नोव्हेंबर २०२५ मध्ये बीबीसीनं सातव्या सीझनची घोषणा केली. कॉम्प्स्टन, मॅक्लुअर आणि डनबार तिघंही परतणार आहेत. कथेच्या सुरुवातीला एसी-१२ बरखास्त झालेलं आहे. दारावर आता नवी पाटी आहे : ‘इन्स्पेक्टोरेट ऑफ पोलीस स्टँडर्ड्स’.